दगडावर आकडा, घरात नाव

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे एक गाव आहे. साताऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर. पण नुसते ‘अपशिंगे’ म्हटले की ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही. तो लगेच विचारतो, “म्हणजे अपशिंगे मिलिटरी ना?” गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द इतका घट्ट चिकटला आहे की, तो जणू त्या गावाचे आडनावच होऊन बसला आहे. पणजोबा फौजेत, आजोबा फौजेत, वडील फौजेत आणि मुलगा भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतो आहे, अशी घरे येथे आहेत. नवी सून घरात आली की, तिला आधी सासऱ्यांचा हुद्दा कळतो, मग बाकीचे नातेगोते!

या गावात एक स्मारक आहे. १९१४ ते १९१९ या काळातल्या पहिल्या महायुद्धात या एका गावातले सेहेचाळीस जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने ते उभारले.

सेहेचाळीस! आकडा वाचताना पटकन वाचून होतो. पण जरा थांबून विचार केला, तर सेहेचाळीस म्हणजे शाळेचा एक अख्खा वर्ग. गावच्या जत्रेत पालखीला खांदा देणारी सारी तरणी पोरे. सेहेचाळीस घरांतल्या सेहेचाळीस आया. आणि त्यांतल्या कितीतरी घरांत कपाळाचे कुंकू पुसलेली, वीस-बावीस वर्षांची एक मुलगी.

हा आकडा भाषणांत येतो, वर्तमानपत्रांत येतो, स्वातंत्र्यदिनाच्या सूत्रसंचालनात येतो. नावे मात्र क्वचितच येतात. आणि ही गोष्ट एका अपशिंग्याची नाही. देशभरातल्या शेकडो गावांची आहे.

ठरावीक साच्याचा दगड

महायुद्ध संपल्यावर ज्या गावांतून फौजेत मोठी भरती झाली होती, त्या गावांना सरकारने स्मृतिशिला दिल्या. पंजाबात दिल्या, गढवाल-कुमाऊंत दिल्या, उत्तर प्रदेशात दिल्या, महाराष्ट्रातही दिल्या. कुठे त्या चावडीच्या भिंतीत बसवल्या, कुठे शाळेत, कुठे वेशीजवळ. शिलेवरच्या मजकुराचा साचा बहुतेक ठिकाणी एकच. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले. त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, दोन साली. संपले.

उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या गहमर गावच्या शिलेवर असेच दोन आकडे आहेत. गेले २२८, मेले २१. आजच्या पाकिस्तानातल्या चकवाल जिल्ह्यात दुलमियाल नावाचे गाव आहे. तेथून ४६० जण गेले होते. त्या गावाला सरकारने १९२५ मध्ये चक्क एक तोफ बक्षीस दिली. ती आजही गावात आहे आणि दुलमियालला ‘तोफेचे गाव’ म्हणूनच लोक ओळखतात. फाळणी झाली, सरहद्दी बदलल्या, पण तोफेने आणि शिलांनी जागा सोडली नाही.

साच्यातल्या मजकुराचा एक फायदा होता. कारागिराला गावोगाव फक्त आकडे बदलायचे होते. नावे कोरायची तर प्रत्येक गावी चौकशी करावी लागली असती, आईबापांकडे जावे लागले असते, दगडही मोठा लागला असता. आकडा कमी जागेत मावतो. माणूस मावत नाही.

अकरा रुपये महिना

ही माणसे इतक्या दूर गेली कशासाठी? याचे एकच उत्तर नाही.

१९१४ मध्ये हिंदी शिपायाचा पगार होता महिना अकरा रुपये. ज्या मुलखात पाऊस भरवशाचा नव्हता आणि जमिनीचे तुकडे भावाभावांत वाटून हातरुमालाएवढे झाले होते, तेथे महिन्याच्या महिन्याला येणारी मनिऑर्डर म्हणजे दुसरी विहीरच. त्यातून कुणाच्या घरी पलटणीची जुनी रीत होती. थोरला गेला म्हणून धाकटा गेला. कुणाला गणवेशाची हौस होती. कुणाला गावच्या पाटलाने, भरतीच्या अंमलदाराने गोड बोलून नेले, तर कुणाला न बोलता नेले.

मराठा पलटणींच्या वाट्याला आली ती मुख्यतः मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची आघाडी. टायग्रिस नदीकाठी कूट-अल-अमारा नावाचे एक गाव आहे. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की फौजेने ते वेढले होते. आत अडकलेली होती ती सहावी डिव्हिजन, म्हणजेच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढ्यात धान्य संपत आले. पिठाचे माप दिवसेंदिवस घटत गेले. अखेर घोडे कापून खाण्याची वेळ आली. बऱ्याच हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस ते मांस तोंडात घेतले नाही. घरी कळले तर काय म्हणतील, जातीत घेतील की नाही, ही भीती तुर्कांच्या गोळ्यांइतकीच खरी होती. शेवटी शरणागती पत्करावी लागली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. वाळवंटातून चालत नेताना आणि पुढे कैदेत त्यांतले हजारो मेले. रोगाने, भुकेने, थकव्याने.

कृष्णाकाठच्या माणसाने टायग्रिसच्या काठी प्राण सोडला. त्याच्या तोंडात गंगेचे पाणी नाही, शेजारी घरचे कुणी नाही. आणि घरी? घरी महिनोन् महिने पत्ता नाही. माणूस मेला, कैदेत आहे की कुठे बेपत्ता झाला, हे पलटणीलाच ठाऊक नसे. तोवर गावी आई रोज संध्याकाळी वाटेकडे डोळे लावून बसे. बायको सणावाराला हिरव्या बांगड्या भरावेत की नाही, या विचारात पडे.

त्यात आले १९१८ साल. मुंबईत उतरलेल्या साथीच्या तापाने देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. ज्या घरचा मुलगा परदेशी मातीत गेला, त्याच घरात तापाने आणखी एखादा गेला, असे किती ठिकाणी झाले असेल! अशा घरात रडायचे तरी कुणासाठी आधी?

बसऱ्यातही आकडाच

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची समाधी सापडत नाही अशांसाठी बसरा येथे मोठे स्मारक बांधण्यात आले. १९२९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. इंग्रज अधिकाऱ्यापासून गोऱ्या शिपायापर्यंत सर्वांची नावे तेथे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायाची वेळ आली, तेव्हा पलटणीचे नाव लिहून पुढे फक्त संख्या लिहिली. अमुक पलटण, इतके शिपाई!

म्हणजे गावात आकडा आणि रणांगणावरही आकडाच. माणूस दोन्हीकडून सुटला.

सगळीकडेच असे झाले, असे मात्र नाही. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ मध्ये हिंदी सैनिकांसाठी जे स्मारक उभे राहिले, त्यावर चार हजार सातशेहून अधिक नावे आहेत. दिल्लीचे इंडिया गेट हेही मुळात युद्धस्मारकच. १९२१ मध्ये त्याची कोनशिला बसली, १९३१ मध्ये ते खुले झाले आणि त्याच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. सहलीला गेलेली मंडळी त्याच्यासमोर फोटो काढतात, आइस्क्रीम खातात. मान वर करून एखादे नाव वाचणारा विरळा. पण त्या युद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात धरली जाते. नावे बसली ती तेराच हजार.

या अन्यायाची अधिकृत कबुली यायला शंभर वर्षे लागली. जगभरातल्या युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतले किमान एक लाख सोळा हजार मृत, कदाचित त्याहून कितीतरी अधिक, यांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही, असे त्यात मान्य केले आणि आयोगाने माफीही मागितली. मृतांत गोरा-काळा भेद करायचा नाही, हे तत्त्व आयोगानेच स्थापनेच्या वेळी स्वीकारले होते. ते कागदावर राहिले.

आपली रीत काय सांगते?

युद्धात पडलेल्या माणसाची आठवण दगडावर ठेवणे ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या गावात जा, देवळाच्या आवारात, पारावर, ओढ्याकाठी एखादा वीरगळ दिसतोच. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. बऱ्याचदा शेजारी गुरे, कारण गावची गुरे सोडवताना तो मेलेला असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेतो तुझी आठवण राहील, हे गावाचे वचन.

आता खरे सांगायचे तर बहुतेक वीरगळांवरही नाव नसते. कालांतराने गाव वीराला विसरते, दगडाला शेंदूर लागतो आणि तो कुठला तरी देव होऊन बसतो. मग नावाचा एवढा आग्रह कशाला, असे कुणी विचारील. पण एक फरक आहे. वीरगळ उभारणाऱ्या गावाने त्या माणसाला लढताना पाहिले होते. तो कुणासाठी मेला, हे गावाला ठाऊक होते. दगडात त्याची आकृती आहे, हातात तलवार आहे, समोर गावची गाय आहे. आकड्याला ना हात, ना चेहरा.

आपल्याकडे नाव टिकते ते दगडावर कमी आणि घरात जास्त. पितृपक्षात तर्पण करताना वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशी पाहा. त्या दिवशी ‘शस्त्रादिहत’ अशांचे श्राद्ध सांगितले आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी एक वेगळी तिथी! तीच घात चतुर्दशी. आणि ज्याची मृत्यूची तिथीच कळली नाही, त्याच्यासाठी दुसरा दिवस सर्वपित्री अमावस्या. परमुलखात कधी मेला, हे न कळलेल्या शिपायाचीही सोय आपल्या पंचांगाने करून ठेवली आहे.

पण या रितीलाही एक मर्यादा आहे. तीन पिढ्यांच्या पलीकडचे नाव तर्पणातून गळते. १९१६ मध्ये मेलेला माणूस आज ज्यांचा पणजोबा लागतो, ती पिढी आता साठी-सत्तरीची आहे. त्यांच्या मुलांच्या तर्पणात ते नाव येणार नाही. आणि ज्याला मूलच नव्हते, जो लग्नाआधीच गेला, त्याचे नाव घेणारा तर कधीच उरला नव्हता. म्हणजे आजवर शाबूत असलेली नावे नेमकी आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर पुसली जात आहेत. गावातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजींना “आमच्या सासऱ्यांचे थोरले चुलते बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत” एवढे ठाऊक असते. त्या गेल्या की तेही गेले.

ते युद्ध आपले होते का?

काही घरांत, विशेषतः शिकलेल्या तरुणांत, आणखी एक प्रश्न निघतो. ते युद्ध तर इंग्रजांचे. आपली माणसे परक्या राजासाठी मेली. मग त्या दगडाला फुले कशासाठी वाहायची?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. शिलेवर शेवटचे साल १९१९ असते. त्याच १९१९ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या पंजाबने फौजेला सर्वाधिक जवान दिले, त्या पंजाबात! आदल्याच वर्षी गांधीजींनी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून सैन्यभरतीचा प्रचार केला होता. साम्राज्याला अडचणीत मदत केली, तर स्वराज्याचे दार उघडेल, अशी तेव्हा अनेकांची आशा होती. त्या आशेचे काय झाले, हे इतिहासात आहे. १९१७ मध्ये सरकारने महार समाजाची स्वतंत्र पलटण उभी केली आणि युद्धाची गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो!

पण सरकारचा हिशेब वेगळा आणि माणसाचा वेगळा. युद्ध कुणाचे होते, हे त्या शिपायाला कुणी विचारले नव्हते. त्याने मिठाला जागायचे ठरवले आणि तो जागला. शेजारच्या खंदकात त्याच्याच तालुक्यातला भाऊबंद होता, त्याला सोडून तो पळाला नाही. त्याच्या पाठीमागे जे घर उजाड झाले, ते इंग्रजांचे नव्हते, आपले होते. शिलेसमोर हात जोडताना आपण साम्राज्याला नमस्कार करत नाही, त्या घराला करतो.

ज्यांची नावे राहिली

नाव राहिले की काय होते, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत.

उत्तराखंडातल्या टिहरीजवळच्या चंबा गावी दरवर्षी एप्रिलमध्ये मेळा भरतो. तो गबरसिंग नेगी या गढवाली जवानाच्या स्मरणार्थ. १० मार्च १९१५ रोजी नव शापेलच्या लढाईत तो पडला तेव्हा वय विशीच्या आतच होते. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या पत्नीने पुढे उभे आयुष्य वैधव्यात काढले आणि ते पदक ती अंगावर लावत असे, असे तिकडचे लोक सांगतात. शंभर वर्षे उलटली तरी मेळ्याला गर्दी कमी नाही. भरतीला जाणारी मुले आधी त्याच्या पुतळ्याला नमस्कार करतात.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे दुसऱ्या महायुद्धातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, तुकडीतले सारे साथीदार पडल्यावर ते एकटे मशिनगनच्या मोर्चावर चालून गेले. मोर्चा घेतला आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने या गावी त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले, तेही छायाघड्याळाच्या रूपात. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे बोधवाक्य त्यावर आहे. ज्या परक्या गावासाठी कोकणातला मुलगा मेला, त्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी त्याचे नाव कोरले!

राजस्थानातल्या झुंझुनूकडे गेलात तर रस्त्याकडेला गावोगाव जवानांचे पुतळे दिसतात. गणवेशातले, रंगवलेले, खाली नाव आणि गाव. राखीपौर्णिमेला बहिणी त्या दगडी मनगटाला राखी बांधतात.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत पडलेल्यांची नावे आता दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते खुले झाले. तेथे पंचवीस हजारांहून अधिक नावे एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर कोरली आहेत. अपशिंग्याने १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही माणसे दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत देशभरच्या ग्रामपंचायतींनी शिलाफलक उभारले, त्यांवरही गावच्या वीरांची नावे लिहायची सोय होती. काही गावांनी शोधाशोध करून ती लिहिली. काही गावांत मात्र घाईघाईत नुसताच मजकूर लागला. हुकुमाप्रमाणे फलक झाला आणि मोकळ्या जागेवर आता शेवाळ धरते आहे.

नाव शोधायचे कसे?

मग १९१४-१९च्या त्या आकड्यांची नावे आज सापडतील का? सापडतील. सगळी नाही, पण बरीच. त्यासाठी इतिहासाचा प्राध्यापक असावे लागत नाही. गावची शाळा, ग्रामपंचायत आणि दोन-चार चिकाटीची माणसे पुरेत.

सुरुवात घरापासून करावी. त्या युद्धात भाग घेतलेल्यांना चांदीचे पदक मिळे. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. पदक उभे धरून कड फिरवून पाहायची, एवढेच! लष्करासोबत गेलेले भिस्ती, स्वयंपाकी, मजूर यांना तेच पदक काशाचे मिळाले. मेलेल्यांच्या घरी आणखी एक वस्तू येई. वीतभराहून बरीच लहान, काशाची गोल थाळी. तिच्यावर मृताचे नाव असे आणि हुद्दा मुद्दाम लिहिलेला नसे, कारण मरणात सगळे सारखे. किती घरांत ही थाळी ट्रंकेच्या तळाशी आहे! कुठे ती जुने भांडे समजून मोडीत गेली. चांदीची पदकेही दुष्काळात सोनाराच्या मुशीत गेली. त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. पोट आधी. पण जे उरले आहे, ते तरी वाचून ठेवावे.

दुसरा मार्ग वहीवाल्यांचा. दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे हेळवी आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथल्या क्षेत्रोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या आहेत. ज्या शाखेपुढे वंश थांबला आहे, तेथे विचारावे, “हा कुठे गेला?”

तिसरा मार्ग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळाचा. दगडावर नाव नसले तरी आयोगाच्या नोंदवह्यांत बऱ्याच हिंदी शिपायांची नावे आहेत. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. शाळेतल्या संगणकावर मुलेसुद्धा हे शोधू शकतात. मात्र एक लक्षात ठेवावे. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले, तसे इंग्रजीत लिहिले गेले आहे. एकच जाधव तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. गावाच्या नावाचेही तेच. तेव्हा पहिल्या प्रयत्नात हार मानू नये.

पंजाबच्या बाबतीत तर मोठाच खजिना सापडला. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांत तीन लाखांहून अधिक पंजाबी जवानांची गाववार माहिती होती. २०२१ मध्ये ती लोकांसाठी खुली करण्याचे काम सुरू झाले आणि परदेशात स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांना आपला पणजोबा कुठे लढला, हे पहिल्यांदा कळले.

कोकणातल्या घरांनी मुंबईची वाट धरावी. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. बोटीवर गेलेला माणूसही युद्धातच गेला होता.

आणि यादी करताना वाड्या-वस्त्या विसरू नयेत. गावठाणातली चार मोठी घरे म्हणजे गाव नव्हे. शिलेवरच्या आकड्यात सर्वांचाच वाटा आहे. ज्याने बंदूक धरली तोही आणि ज्याने गोळ्यांच्या वर्षावात पाण्याची पखाल नेली तोही.

नाव घेतले की माणूस येतो

जुना दगड बदलण्याची गरज नाही. तो तसाच राहू द्यावा. त्याच्यावरचे इंग्रजी राज्यही इतिहासच आहे. त्याच्या शेजारी एक साधा फलक लावावा. सापडतील तेवढी नावे, वडिलांच्या नावासह. न सापडलेल्यांसाठी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे पुढच्या कुणाला तरी ती टोचत राहील. संगमरवराचा खर्च नसेल, तर शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहावीत. उद्घाटनाला पुढारी नाही आला तरी चालेल.

आणि वर्षातून एकदा ती मोठ्याने वाचावीत. पंधरा ऑगस्टला वाचा, सव्वीस जानेवारीला वाचा किंवा घात चतुर्दशीला वाचा. वाचायचे काम मुलांना द्यावे. शाळेत रोज हजेरी घेतली जाते, तशीच ही गावाची हजेरी. एकेक नाव उच्चारले जाईल तेव्हा कुठल्या तरी घरातली म्हातारी पदर डोळ्यांना लावील आणि शेजारणीला सांगेल, “हे आमच्यातले.”

दगडाने त्याच्या कुवतीप्रमाणे काम केले. किती गेले, ते त्याने शंभर वर्षे उन्हापावसात उभे राहून सांगितले. कोण गेले, हे सांगायचे काम त्याचे नव्हते. ते गावाचे होते. आणि ज्यांना अजून थोडेफार आठवते, ती माणसे आज ओट्यावर बसलेली आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बसायला उशीर करू नये.